रखवालदाराची पहिली आज्ञा

आजाऱ्याच्या उशाशी बसणे हा धर्मगुरूच्या दिनक्रमाचाच भाग असतो. तिथे बसले की प्रश्न ऐकावे लागतात, आणि त्यांतील बहुतेक प्रश्न असे असतात की त्यांचे उत्तर विचारणाऱ्यालाही अपेक्षित नसते. कोणी तरी ऐकून घ्यावे, एवढेच त्याला हवे असते. परंतु गेल्या काही वर्षांत एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात आला आणि त्याचे उत्तर मात्र विचारणाऱ्याला खरोखरच हवे होते. "फादर, अणुबाँबच्या किरणांनी कॅन्सर होतो, जास्त एक्स-रे काढू नयेत, असे सगळेच सांगतात. मग तेच किरण अंगावर घेऊन कॅन्सर बरा कसा व्हायचा?"

हा प्रश्न भाबडा मुळीच नाही. काट्याने काटा काढावा हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण दुसरा काटाही पायातच मोडून राहिला तर काय, ही शंका शहाण्या माणसालाच येते. आमच्या धर्मग्रामातील एका बागायतदाराला ती आली होती. घशाच्या कर्करोगासाठी त्यांना किरणोपचार सुरू होते. अकरा दिवस ते पहाटेच्या लोकलने मुंबईला गेले, बाराव्या दिवशी गेले नाहीत. "एक दुखणे घालवायला दुसरे विकत कशाला घ्यायचे?" असे म्हणून ते घरीच बसले. पत्नीने आणि मुलीने विनवण्या केल्या. तीन आठवड्यांनी ते पुन्हा गेले, तेव्हा डॉक्टरांनी उपचार नव्याने आखले खरे, पण मध्ये पडलेला खंड गाठीच्या पथ्यावर पडतो हेही स्पष्ट सांगितले. दोन वर्षांनी ते देवाघरी गेले. त्या तीन आठवड्यांमुळेच तसे झाले, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु त्यांचा प्रश्न त्यांच्याबरोबर मातीत जाऊ नये, असे आम्हांस वाटले.

गुरुविद्यालयात आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. जीवशास्त्राशी असलेली आमची ओळख शाळेच्या उंबरठ्याबाहेर फारशी आली नव्हती. धर्मग्रामातीलच एका तरुण डॉक्टरांनी पुस्तके पुरवली, न समजलेले समजावून दिले आणि एका पावसाळ्यात आमचा हा अभ्यास झाला. शोध घेत गेलो किरणांचा, आणि भेट झाली पेशीतील एका रखवालदाराची. त्याची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

आधी किरण काय करतात ते पाहू. आपल्याकडे किरणोपचाराला पुष्कळ जण 'शेक' म्हणतात. हा शब्द मोठा फसवा आहे. किरणांची मात्रा 'ग्रे' ह्या एककात मोजतात आणि रुग्णाला साधारणतः रोज २ ग्रे दिले जातात. एवढ्या मात्रेने पाण्याचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्यानेही वाढत नाही. शेकाच्या दृष्टीने पाहिले तर तो शेकच नव्हे. किरणांचा घाव उष्णतेचा नसतो, तो तुटण्याचा असतो. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा गुंडाळून ठेवलेला आहे. तो दुपदरी आहे आणि पेशीने काय करावे, केव्हा करावे ह्याच्या सर्व सूचना त्यावर नोंदलेल्या आहेत. १ ग्रे किरण मिळाले की एका पेशीतील ह्या धाग्याचा एक पदर सुमारे हजार ठिकाणी तुटतो. हे नुकसान फारसे भयंकर नाही, कारण शाबूत राहिलेल्या पदराकडे पाहून तुटलेला सांधता येतो. पण सुमारे चाळीस ठिकाणी दोन्ही पदर एकदमच तुटतात. खरा धोका तिथे असतो. तुटकी टोके चुकीच्या जागी जोडली गेली की सूचना बिघडतात, आणि बिघडलेल्या सूचनांनिशी पेशी वाढू लागली की कर्करोगाची वाट मोकळी होते.

आता रखवालदाराकडे वळू. त्याचे नाव पी-५३. हे एक प्रथिन आहे. अमायनो आम्लांचे ३९३ मणी ओवलेली ही माळ आहे, आणि ती कशी ओवावी हे सांगणारे जनुक आपल्या सतराव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे. निरोगी पेशीत पी-५३ सतत तयार होते आणि सतत मोडूनही टाकले जाते. एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन त्याच्या पाठीवर 'टाकाऊ' अशी खूण चिकटवते आणि वीस-तीस मिनिटांत त्याची विल्हेवाट लागते. प्रथमदर्शनी हा उधळेपणा वाटतो. बनवायचे आणि लगेच मोडायचे, ही कोणती काटकसर? परंतु संकट आल्यावर रखवालदार शोधायला निघणे आणि तो दारात उभाच असणे, ह्यांतला फरक ज्याला कळतो त्याला ही उधळपट्टी वाटणार नाही.

किरणांनी धागा तुटला की ती वर्दी एटीएम नावाचे प्रथिन देते. नाव ऐकून वाचकांस पैसे काढण्याचे यंत्र आठवेल, पण ह्या एटीएमचे काम वेगळे आहे. तुटलेल्या टोकांची चाहूल लागताच ते जागे होते आणि पी-५३ वर फॉस्फेटचे छोटे शिक्के मारते. ते एमडीएम-२ लाही अडवते. मग पी-५३ मोडले जात नाही, त्याचा साठा वाढू लागतो. त्याचे चार-चार रेणू एकत्र येऊन डीएनएवर ठरावीक ठिकाणी जाऊन बसतात आणि तिथून आज्ञा सोडतात.

ह्यांतील पहिली आज्ञा कोणती असावी? आम्ही वाचू लागलो तेव्हा आमचा अंदाज असा होता की ती 'मार' अशी असणार. बिघडलेल्याला काढून टाका, हाच मनुष्यव्यवहारातला पहिला विचार असतो. पेशीतील आज्ञा निराळी आहे. ती आहे 'थांब'. पी-५३ च्या सांगण्यावरून पी-२१ नावाचे प्रथिन तयार होते आणि ते पेशीच्या विभाजनाला खीळ घालते. फाटलेल्या मजकुराची नक्कल करू नये, आधी तो सांधावा, मग पुढे जावे, असा हा नियम आहे. त्या थांबलेल्या काळात दुरुस्तीची यंत्रणा कामाला लागते आणि बहुतेक सांधे काही तासांतच पूर्ण होतात. काम झाले की किरणांची वर्दी थांबते, एमडीएम-२ पुन्हा पी-५३ ला मोडू लागते आणि पेशी आपल्या कामाला लागते. गंमत म्हणजे एमडीएम-२ बनवण्याचा हुकूमही पी-५३ च देते. आपल्याला आवर घालणाऱ्याला आपणच नेमणारा अधिकारी प्रपंचात विरळाच!

दुरुस्ती झालीच नाही तर मात्र आज्ञा बदलते. पेशी एक तर कायमची थांबते, जगते पण पुन्हा कधी विभागत नाही. किंवा ती शांतपणे स्वतःला संपवते. ह्या आत्मविसर्जनाला शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये 'अपॉप्टोसिस' हे नाव दिले. गुरुविद्यालयात थोडेफार ग्रीक गिरवल्यामुळे त्या शब्दापाशी आम्ही घुटमळलो. झाडाची पाने गळतात त्या गळण्याला ग्रीक भाषेत हा शब्द आहे. पान गळते तेव्हा झाड जखमी होत नाही. पेशी अशी गळते तेव्हा शेजारच्या पेशी तिचे अवशेष उचलून घेतात, सूज येत नाही, आरडाओरडा होत नाही.

पण थांबायचे की गळायचे, हे ठरते कसे? इस्राएलमधील वाइझमन संस्थेत गालित लहाव, उरी अलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पी-५३ ला चमकणारी खूण जोडली, पेशींना गॅमा किरण दिले आणि एकेका पेशीवर नजर ठेवली. २००४ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले ते मोठे मनोवेधक आहे. इजा जास्त म्हणून पी-५३ ची लाट उंच उठत नाही. लाट तेवढीच असते. ती काही तास टिकते, ओसरते आणि गरज असल्यास पुन्हा उठते. इजा जास्त असेल तर लाटांची संख्या वाढते. आपल्या गावात घंटेचा ठोका नेहमी सारखाच असतो. किती पडले आणि कसे पडले ह्यावरून प्रार्थनेची वेळ झाली की कोणी गेले, हे शेतात वाकलेल्या माणसाला कळते. तसेच काहीसे हे आहे. प्रत्येक लाटेनंतर पेशी जणू पुन्हा चौकशी करते, तुटलेले सांधले गेले काय? नसेल तर पुन्हा एक लाट.

ह्या रखवालदाराचा इतिहासही मोठा बोधप्रद आहे. १९७९ मध्ये तो प्रथम सापडला. लंडनमध्ये डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड आणि प्रिन्स्टन येथे अर्नोल्ड लेव्हिन ह्यांच्यासह अनेक गटांना तो जवळपास एकाच वेळी दिसला. तो दिसला मात्र नको त्या संगतीत. माकडांतील एका विषाणूमुळे कर्करोगी बनलेल्या पेशींत, त्या विषाणूच्या प्रथिनाला बिलगलेला! साहजिकच तोच गुन्हेगार ठरला. पुढे प्रयोगासाठी वापरलेले त्याचे नमुनेही नकळत बिघडलेले निघाले आणि ते खरोखरच कर्करोगाला हातभार लावीत. त्यामुळे दहा वर्षे पी-५३ ची गणना रोग निर्माण करणाऱ्यांत होत राहिली. १९८९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बर्ट व्होगेलस्टाइन ह्यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या गाठी तपासल्या, तेव्हा हे जनुक तेथे हरवलेले किंवा बिघडलेले आढळले. त्याच वर्षी लेव्हिन ह्यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले की धडधाकट पी-५३ कर्करोगाला रोखते. आरोपी म्हणून धरलेला इसम पहारेकरी निघाला. किरणांनंतर त्याचा साठा वाढतो आणि पेशी थांबते, हे मायकेल कास्टन ह्यांनी १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले. १९९२ मध्ये लेन ह्यांनी त्याला जनुकसंचाचा रक्षक म्हटले, आणि १९९३ मध्ये अमेरिकेतील 'सायन्स' ह्या नियतकालिकाने त्याला त्या वर्षीचा मानाचा रेणू ठरवले. नावातील ५३ हा आकडा मात्र अजूनही चुकीचाच आहे. पहिल्या मोजणीत त्याचे वजन ५३ हजार डाल्टन भरल्यासारखे दिसले, प्रत्यक्षात ते ४४ हजारांच्या आतच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. किरण रोग निर्माण करतात आणि बराही करतात, ते कसे? किरण दोन्हीकडे सारखेच तोडतात. फरक असतो तो तुटल्यानंतर काय घडते ह्यात. निरोगी पेशीला थांबता येते. माणसाच्या सर्व कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी-५३ चे जनुकच बिघडलेले असते, आणि उरलेल्यांपैकी अनेकांत त्याला दुसऱ्या मार्गाने निष्प्रभ केलेले असते. अशा पेशीला थांबणे ठाऊक नसते. तुटलेली गुणसूत्रे तशीच घेऊन ती विभाजनात उडी घेते आणि पुष्कळदा त्या विभाजनातच मरते. जी धाव तिचे बळ होती तीच तिचा घात करते. म्हणूनच किरण एकदम न देता थोडे थोडे देतात. आठवड्यातून पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे. दोन बैठकींमधल्या चोवीस तासांत निरोगी पेशी आपले फाटलेले शिवून घेते. गाठीतील पेशींचे नुकसान साचत जाते. वेळापत्रक हा इथे उपचाराचाच अर्धा भाग आहे. मध्येच तीन आठवडे खंड पडला तर उरलेल्या गाठीला पुन्हा वाढायला सवड मिळते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने तर किरणोपचाराचे 'भाभाट्रॉन' हे यंत्र आपल्याच देशात घडवले. परंतु यंत्र कितीही उत्तम असो, मधले चोवीस तास शरीराला स्वतःच काम करावे लागते.

हे चित्र इतके सरळ आहे, असे मात्र कोणी समजू नये. पी-५३ गमावलेल्या काही गाठी गळून पडण्याची आज्ञाच मानत नाहीत आणि त्यामुळे किरणांना दाद देत नाहीत. १९९३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले की पी-५३ नसलेल्या थायमस ग्रंथीतील पेशी किरणांनंतरही मरत नाहीत. आणि सुक्याबरोबर ओलेही जळते. अस्थिमज्जेतील आणि केसांच्या मुळांतील निरोगी पेशी भराभर विभागणाऱ्या असतात. तिथला रखवालदार अति कडक असतो, थोड्या इजेनेही तो गळण्याची आज्ञा देतो. किरण जिथे पडतात तिथले केस जातात, पुष्कळशी अस्थिमज्जा किरणांखाली आली तर रक्तपेशी कमी होतात. उपचार चुकला म्हणून हे होत नाही, रखवालदार जागा असल्याची ती खूण असते. उलट आतड्याच्या अस्तरात हेच पी-५३ पेशींना थांबवून वाचवते, असे उंदरांत दिसून आले. एकच आज्ञा देणारा, पण स्थळकाळ पाहून निर्णय घेणारा असा हा अधिकारी आहे.

तो जन्मतःच अधू असेल तर काय होते, तेही कळले आहे. १९६९ मध्ये फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी ह्यांनी अशा कुटुंबांचे वर्णन केले की ज्यांत पिढ्यान्‌पिढ्या लहान वयातच निरनिराळे कर्करोग उद्भवत. १९९० मध्ये कारण सापडले. पी-५३ च्या जनुकाची एक प्रत त्यांना बिघडलेलीच वारशाने मिळत होती. अशा रुग्णांत डॉक्टर किरणोपचार शक्यतो टाळतात, कारण तिथे दुसरा काटा मोडून राहण्याची भीती खरोखरच असते. म्हणजे आमच्या बागायतदारांची शंका अगदीच अनाठायी नव्हती; ती त्यांच्याबाबतीत लागू करायची की नाही, हे डॉक्टरांना विचारण्याची गोष्ट होती. बाकीच्या आपणांस मात्र रखवालदार धडधाकट मिळालेला असतो. तंबाखूच्या धुरातील विषारी द्रव्ये ह्याच जनुकाच्या ठरावीक जागांना चिकटतात, हे १९९६ मध्ये दाखवण्यात आले. बिघडलेले पी-५३ नुसते निकामी होत नाही, कधी कधी ते गाठीलाच मदत करू लागते. कुंपणानेच शेत खावे, तसे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही लग्नाच्या मांडवामागे कागदाच्या पुड्या दिसतात तेव्हा ह्या रखवालदाराची आम्हांस आठवण होते.

सर्वांत जास्त विचार करायला लावले ते २००६ मधील एका प्रयोगाने. जेरार्ड इव्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले होते की औषध देऊन त्यांचे पी-५३ हवे तेव्हा चालू वा बंद करता येई. सर्वांना किरण देण्यात आले. काहींचे पी-५३ किरणांच्या वेळीच चालू होते. त्यांच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्या, शरीराला त्रास झाला आणि इतके होऊनही पुढे कर्करोग टळला नाही. दुसऱ्यांचे पी-५३ किरणांच्या वेळी बंद होते, आणि इजा सांधल्या गेल्यावर काही दिवसांनी चालू करण्यात आले. त्यांना तो त्रास झाला नाही, आणि कर्करोगापासून संरक्षण मात्र मिळाले. म्हणजे त्या उंदरांना वाचवले ते पहिल्या क्षणीच्या कठोरपणाने नव्हे. नंतरच्या पहाऱ्याने वाचवले. घाव पडताच सर्वांना शासन करणाऱ्यापेक्षा, धुरळा खाली बसल्यावर खरोखर वाट चुकलेली पेशी कोणती हे ओळखणारा अधिक उपयोगी ठरला. उंदरांवरून माणसांविषयी घाईने निष्कर्ष काढू नये, हे खरे. तरीही घराघरांतून आणि सभासंस्थांतून आपण जो न्याय करतो, तो बहुधा पहिल्या क्षणीचा असतो, हे आठवल्यावाचून राहत नाही.

आजाऱ्याच्या उशाशी आणखी एक प्रश्न येतो, बहुधा भिंतीकडे तोंड करून विचारलेला. "माझ्याच वाट्याला का? मी असे काय पाप केले?" ह्या अभ्यासाने त्या प्रश्नाबाबत आम्हांस थोडा धीर दिला. किरणांचे सोडाच, नुसत्या जगण्यामुळेच, श्वासामुळे, अन्नाच्या ज्वलनामुळे, आपल्या प्रत्येक पेशीतील डीएनएला दररोज हजारो लहान इजा होतात आणि त्या दररोज सांधल्या जातात. लाखो कोटी पेशी, हजारो इजा, आणि अशी साठ-सत्तर वर्षे! त्यांतली एखादी निसटली तर ती शिक्षा नव्हे. प्रश्न उलट बाजूने विचारावासा वाटतो. इतक्या तुटण्यातून इतकी वर्षे आपण निरोगी राहिलो, ते कसे?

म्हणून किरणोपचारासाठी निघालेल्या माणसाला आम्ही आता थोडक्यात एवढेच सांगतो. शंका असेल ती डॉक्टरांना तोंडावर विचारावी, मनात ठेवून घरी बसू नये. नेमलेला एकही दिवस डॉक्टरांना विचारल्यावाचून चुकवू नये. तंबाखूची पुडी आजच चुलीत टाकावी. आणि शनिवार-रविवारी यंत्र बंद असते म्हणून उपचार थांबला, असे समजू नये. त्या दोन दिवसांत तुमच्या अंगात जे थांबले आहे, ते सांधण्याच्या कामासाठी थांबले आहे.